मागून आवाज येतो, पण केव्हा?

जुन्या गाडीच्या मालकाने गॅरेजमध्ये "मागून आवाज येतोय" एवढंच सांगितलं, की बहुतेक ठिकाणी उत्तर तयार असतं: "शॉकअप गेलेत." दोन्ही शॉकअप बदलले जातात. आवाज राहतो. मग बुश, मग बेअरिंग, मग स्प्रिंग. बिल वाढत जातं आणि शेवटी मालक गाण्याचा आवाज मोठा करून गाडी चालवायला शिकतो. यात मेकॅनिकचा दोष असतोच असं नाही. त्याला विचारला गेलेला प्रश्नच अपुरा असतो. आवाज कुठून येतो हे गाडीत बसून नीट कळत नाही. तो केव्हा येतो हे मात्र अगदी नेमकं कळू शकतं, आणि मागच्या सस्पेन्शनचं निदान त्या 'केव्हा'वरच उभं असतं.

'कुठून' का कळत नाही, याला भौतिकशास्त्राचं सरळ कारण आहे. आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे ठरवताना मेंदू बऱ्याच अंशी दोन कानांवर ध्वनी पोचण्यातला वेळेचा फरक वापरतो. हा फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. हवेतून ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून सुमारे ५,००० मीटर. साडेचार मीटर लांबीच्या गाडीत एका टोकाला बसलेला ठोका दुसऱ्या टोकापर्यंत एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो. म्हणजे डाव्या चाकाशी वाजलेलं 'खट्' सीटखालच्या पत्र्यातून, छतातून, उजव्या दारातून जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतं. त्यातही सस्पेन्शनचे ठोके जाड, खालच्या पट्टीतले असतात. १०० हर्ट्झच्या ध्वनीची लहर हवेत जवळपास साडेतीन मीटर लांब असते, आणि गाडीच्या आतल्या जागेत ती कोणत्या बाजूने आली हे कानाला सांगता येत नाही. मागची सीट आणि डिकी मिळून पत्र्याचा एक मोठा ढोलच तयार होतो. एका पुडीवर पडलेली थाप सगळ्या ढोलातून ऐकू येते.

उदाहरणासाठी आपल्याच मातीतली एक गाडी घेऊ. स्कोडाने २००१ साली तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली आणि २००४मध्ये तिची आरएस आवृत्ती भारतात आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन-मीटर टॉर्क. टर्बो पेट्रोल तेव्हा आपल्याकडे दुर्मीळ होतं, म्हणून या गाडीवर जीव लावणारी माणसं महाराष्ट्रात आजही आहेत. पण ती गाडी आता वीस वर्षांची झाली. तिचं लोखंड बऱ्यापैकी टिकतं, रबर टिकत नाही. वर्षातून मोजके किलोमीटर फिरणारी, झाकून ठेवलेली गाडीही यातून सुटत नाही, कारण रबर चालण्याने झिजतं तसंच उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने नुसतं उभ्या-उभ्याही कडक होतं, चिरतं. 'गाडी फार चाललेली नाही' हे वाक्य रबराच्या बाबतीत फारसा दिलासा देत नाही.

या ऑक्टाव्हियाची मागची रचना साधी आहे. दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा, पीळ घेऊ शकणारा दांडा, म्हणजे टॉर्शन बीम. त्याचे पुढचे दोन हात दोन मोठ्या रबरी बुशांमधून बॉडीला टांगलेले. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. शॉकअपचं वरचं टोक चाकाच्या कमानीत एका रबरी माउंटमधून बॉडीला, खालचं टोक बीमला. स्प्रिंगच्या वर-खाली रबरी बैठका, आणि शॉकअपच्या दांड्यावर बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की आदळणारा मऊ ठोकळा. एकंदर आवाज करू शकणाऱ्या जागा थोड्याच आहेत, आणि हीच रचना कमी-अधिक फरकाने आपल्या रस्त्यांवरच्या बहुतांश हॅचबॅकमध्येही आहे.

गाडी रॅम्पवर चढवण्याआधी डिकी रिकामी करावी. खरोखर पूर्ण रिकामी: स्टेपनी, जॅक, पान्हे, पार्सल ट्रे, पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेली पाण्याची बाटली. ऑक्टाव्हिया दिसायला सेडान असली तरी तिची डिकी मागच्या काचेसकट उघडते. त्यामुळे झाकणाचं कुलूप, त्याचे रबरी टेकू आणि मागच्या सीटच्या पाठीची कडी या तिन्ही जागा सस्पेन्शनसारख्याच खडखडतात. टेकू थोडे बाहेर फिरवून किंवा कडीवर कापडी पट्टी गुंडाळून चक्कर मारली की त्यांचा निकाल लागतो. सायलेन्सरची टांगणारी रबरं आणि त्याच्यावरचा उष्णतारोधक पत्रा हेही बघून घ्यावेत. मागच्या ब्रेकची शंका असेल तर मोकळ्या रस्त्यावर, अगदी कमी वेगात, खडखड चालू असताना हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो जरासाच ओढावा. आवाज थांबला तर कॅलिपरमधले पॅड किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना ढिल्या आहेत, आणि सस्पेन्शन खोलण्याचं कारण उरलं नाही.

यापुढे खरी तपासणी म्हणजे सस्पेन्शनला एका वेळी एकाच प्रकारचा भार देणं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, ओळखीचे रस्ते लागतात. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवरून ताशी पंधरा-वीसच्या वेगाने गेलं की चाकं थोडीशी पण सतत वर-खाली होतात. या बारीक हालचालीत जे वाजतं ते हलकं आणि सैल असतं. शॉकअपचं वरचं माउंट बहुतेक वेळा इथेच पकडलं जातं, कारण त्याचं रबर दबून त्यात मिलिमीटरभर पोकळी झाली तरी दांडा प्रत्येक ब्लॉकवर आपटतो. शॉकअप नुकतेच बदललेले असतील आणि खडखड त्यानंतर सुरू झाली असेल, तर वरचा नट पुरता आवळला गेला आहे का आणि वाटीसारखे वॉशर उलटे बसलेत का, हे आधी बघावं. इम्पॅक्ट गनने नट आवळताना नटाबरोबर आतला दांडाही फिरतो. तसं झालं तर नट आवळल्यासारखा वाटतो आणि सैल राहतो, आणि शॉकअपचं सील दुखावतं ते वेगळंच. हे काम दांडा एका पान्ह्याने धरून, हातानेच करावं.

मोठा, रुंद स्पीडब्रेकर वेगळी गोष्ट सांगतो. त्यावर दोन्ही चाकं एकदम वर जातात, सस्पेन्शन खोल दबतं. इथे 'धप्प' असा एकच जड ठोका आला तर बंप स्टॉप विरघळून गेलेला असण्याची शक्यता मोठी. हे फेसाळ ठोकळे वयाने भुसभुशीत होतात आणि एक दिवस नुसता भुगा उरतो. उतरताना आवाज आला, म्हणजे सस्पेन्शन उलगडताना, तर संशय शॉकअपवर जातो, कारण स्प्रिंगचा परतीचा जोर आवरणं हे त्याचंच काम. मात्र कोपरा दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजण्याच्या परीक्षेवर फार विसंबू नये. त्या परीक्षेत पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धा थकलेला सापडत नाही. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसट ओलावा चालतो. तेल ओघळून धूळ चिकटलेली असेल तर तो गेला.

मग एकच चाक खड्ड्यात घालावं. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर अँटी-रोल बारला, म्हणजे सस्पेन्शनची डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या दांड्याला, काही काम नसतं, तो फक्त बुशांत फिरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की तो पिळला जातो आणि त्याच्या लिंक रॉडवर भार येतो. म्हणून सपाट स्पीडब्रेकरवर गप्प आणि तिरक्या चरावर 'टक्-टक्' असा आवाज असेल, तर ज्या गाड्यांत मागे वेगळा अँटी-रोल बार आहे त्यांत लिंक रॉडचे सांधे आधी पाहावेत. टॉर्शन बीमच्या कित्येक गाड्यांत हे काम बीमच करतो किंवा बार त्याच्या पोटातच बसवलेला असतो, तिथे लिंक रॉड नसतातच. त्या गाडीला 'मागचे लिंक रॉड गेलेत' असं निदान मिळालं तर ते गाडीखाली न जाता दिलेलं आहे, एवढं नक्की.

आता बीमचे दोन मोठे बुश. जुन्या ऑक्टाव्हियात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती यांची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही यांचंच होतं. त्यांची परीक्षा ब्रेकवर घ्यायची. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने मागे यावं आणि ब्रेक दाबावा, मग पुढे जाऊन दाबावा. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला मागून एक दबका 'धप्प' आला आणि त्याच दिशेने दुसऱ्यांदा ब्रेक मारल्यावर आला नाही, तर बुश ढिले झालेत. पहिल्या ब्रेकने सगळी ढिलाई एका बाजूला सरकवून टाकली, म्हणून दुसऱ्या वेळी वाजायला काही उरलं नाही. ब्रेकचे पॅडही दिशा बदलल्यावर असेच एकदा सरकतात, पण त्यांचा आवाज 'टक्' असा, धातूचा आणि बारीक असतो. बुशाचा आवाज कानापेक्षा पाठीला जास्त जाणवतो.

खात्री करायची ती गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा चार खांबांच्या रॅम्पवर, चाकं टेकलेली असताना. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं हवेत लोंबकळतात, बीम खाली ओढला जातो, बुशाचं रबर एका बाजूला ताणलं जातं आणि नेमकी चीर झाकली जाऊ शकते. चाकं टेकलेली असताना एकाने हँडब्रेक ओढून गाडी पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्याने बुशाच्या कडेवर बोट ठेवावं. टॉमी लावून बीमचा हात हलकेच उचकटला तरी कळतं: निरोगी बुशात रबर ताणलं जातं, फाटलेल्यात आतली नळी रबरापासून वेगळी हलते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही, कोणत्याही कारणाने जाऊ नये.

हे बुश बदलतानाची एक गोष्ट आपल्याकडे इतक्या सर्रास चुकते, की ती जरा सविस्तर सांगतो. असल्या बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. तो बेअरिंगसारखा फिरत नाही, रबरच पिळलं जातं आणि परत येतं. बोल्ट आवळला की आतली नळी कंसात जखडली जाते, आणि ज्या स्थितीत ती जखडली ती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग प्रत्येक खड्ड्याला त्याला आणखी पिळावं लागतं. नवा कोरा बुश अशा बसवणीने लवकर फाटतो आणि दोष 'डुप्लिकेट माला'वर जातो. बोल्ट आधी नुसते बोटाने लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, एकदा-दोनदा पुढे-मागे हलवून सस्पेन्शन बसू द्यावं, आणि मगच टॉर्क पान्ह्याने आवळावेत. फोक्सवॅगन कुटुंबातल्या गाड्यांत यांतले कित्येक बोल्ट ठरावीक टॉर्क आणि त्यावर ठरावीक अंशांचा फेर असे आवळायचे असतात, त्यात ते ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. शिवाय या बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे एका दिशेने ते मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक राहतात. ते कोणत्या कोनात दाबून बसवायचे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. गोल आहे म्हणून कसाही बसवला तर चालत नाही.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालण्याचा मोह वेगवान गाड्यांच्या मालकांना हमखास होतो. ते टिकतात हे खरं, पण रबर पिळून जी हालचाल देतं ती पॉलियुरेथेन घसरून देतं, आणि त्याला योग्य ग्रीस लागतं. ग्रीस संपलं की कुरकुर सुरू होते. आवाज घालवायलाच निघालेल्या माणसाने रोजच्या गाडीत हा मार्ग धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुरकुर हा तसा वेगळाच वर्ग. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की तो 'कर्रर्र' ऐकू येतो. याची ओळख पटवायला पाण्याची साधी फवारणीची बाटली पुरते. गाडी उभी, एक जण मागचा भाग दाबतोय, दुसरा एकेका सांध्यावर पाणी मारतोय. ज्या जागेवर पाणी पडल्यावर कुरकुर थांबली, ती जागा सापडली. पावसाळाभर गप्प असलेली आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा कुरकुरणारी गाडी हाच प्रयोग आपणहून करून दाखवत असते. तेल किंवा डिझेल मात्र मारू नये, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि सडतं. आणि कुरकुर चिकटवलेल्या बुशातून निघत असेल तर वंगण हा इलाज नव्हेच. तिथे काही घासायलाच नको होतं, घासतंय याचा अर्थ रबर धातूपासून सुटलेलं आहे.

स्प्रिंगच्या वेढ्यांत उंची वाढवण्यासाठी घुसवलेले रबरी बफर आपल्याकडे जागोजाग विकले जातात. तेही घासतात, वेढ्यांवरचा रंग खरवडतात आणि तिथे गंज धरतो. आवाजाचं निदान चालू असेल तर ते आधी काढून टाकावेत. स्प्रिंग बहुधा शेवटच्या वेढ्यापाशी तुटते, कारण खालच्या बैठकीत माती आणि पाणी साचून राहतं, आणि मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तिथलं पोलाद लवकर पोखरलं जातं. तुटका तुकडा बैठकीतच अडकून बसतो, त्यामुळे नुसतं वाकून पाहिलं तर स्प्रिंग धडधाकट दिसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजावं. ठळक फरक आढळला तर बैठकीतला गाळ काढून हात फिरवावा. तुटकं टोक टायरला भिडण्याचा धोका असतो, म्हणून अशी गाडी चालवत नेऊ नये.

वेगाबरोबर वाढणारा 'घूंऽऽ' असा आवाज आला की बेअरिंग आणि टायर यांच्यात गोंधळ होतो. लांब वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो. डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. वळणाने काही फरक पडला नाही तर टायरच्या नक्षीवरून हात पुढे-मागे फिरवावा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत मागच्या टायरांवर भार कमी असतो आणि ते करवतीच्या दात्यांसारखे झिजतात. पुढचे-मागचे टायर आपसात बदलून पाहिलं, आणि आवाज पुढे गेला, तर बेअरिंगचे पैसे वाचले.

ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना ऑक्टाव्हियात मागून ठोका ऐकू आला, तर मागचं सस्पेन्शन जवळपास निर्दोष समजावं. या गाडीत मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतच नाही. तो ठोका इंजिनाच्या माउंटिंगचा किंवा हलून बॉडीला लागणाऱ्या सायलेन्सरचा असतो, पत्र्यातून मागे येऊन पोचलेला.

मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत मात्र हेच लक्षण सगळ्यात गंभीर ठरू शकतं. बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली एम३ (२००० ते २००६) हे त्याचं ठळक उदाहरण. ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३४३ अश्वशक्ती, ३६५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर धरलं तर मागच्या ॲक्सलवर पोचणारा पीळ ५,००० न्यूटन-मीटरच्या वर जातो. डिफरन्शियल आणि सस्पेन्शनचे हात एका सबफ्रेमला, आणि सबफ्रेम चार जागी बॉडीच्या पत्र्याला. गिअर बदलताना, ॲक्सिलरेटर सोडताना तो पीळ उलट-सुलट होतो आणि त्या चार जागांभोवतीचा पत्रा वर्षानुवर्षं वाकत राहतो. शेवटी तो थकून चिरतो, स्पॉट वेल्ड सुटतात. बाहेर ऐकू येतो तो मागच्या सीटखालचा एक ठोका. असाच ठोका डिफरन्शियलच्या बुशाचाही येतो, ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या बुशाचाही येतो, शाफ्टच्या रबरी कपलिंगचाही येतो. म्हणून या गाडीत आवाजावरून बुश बदलायला घेतले, तर त्याच वेळी माउंटिंगभोवतीचा रंग आणि सीलंट घासून पत्रा उघडा करून बघावा. नवे बुश चिरलेल्या पत्र्यावर बसवले तर आवाज काही काळ मऊ होतो आणि चीर निवांत वाढत राहते. यावरचा उपाय म्हणजे सबफ्रेम उतरवून चिरा बंद करणं आणि मजबुतीची पट्टी वेल्ड करणं. काम मोठं आहे, खर्चीकही आहे, पण उशीर केला तर ते आणखी मोठं होतं.

इतकं करूनही आवाज हाती लागला नाही तर उपकरणांकडे वळावं. चिमट्याला माइक लावलेले संच मिळतात. चार-सहा सांध्यांवर चिमटे लावून गाडी रस्त्यावर काढायची आणि हेडफोनवर एकेक वाहिनी ऐकायची. इथे ध्वनी हवेतून किंवा बॉडीतून फिरून येण्याआधीच, उगमाशी पकडला जातो. संच नसेल तर मागची सीट पाडून, बेल्ट लावून बसलेला एक सावध साथीदारही पुष्कळ काम करतो. त्याच्या हाती वही द्यावी आणि प्रत्येक आवाजापुढे वेग, रस्ता, एक चाक की दोन, ब्रेक की ॲक्सिलरेटर, गाडी थंड की तापलेली, एवढं लिहायला सांगावं. तो कागद मेकॅनिकच्या हाती द्यावा. दुरुस्तीनंतर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तशीच रिकामी डिकी घेऊन पुन्हा चालवावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदललेली असावी. शॉकअप आणि त्यांची माउंट जोडीने बदलावीत, बाकी संशयितांना तोवर हात लावू नये.